खारीचा भुगा

आई गेली त्या दिवशी तिचा डबा सकाळच्या गाडीने आला. मी तो स्टँडवरून घेतला, अभ्यासिकेपाशी नेला आणि खालच्या पायरीवर बसून जेवले. दुपारी काकांचा फोन आला.

हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे आहे ते बहुतेक खाण्याबद्दल आहे, आणि खाण्याबद्दल वाचताना माणूस बेसावध असतो.

मी तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. आमच्या गंगापूर तालुक्यात एखाद्या घरी म्हैस नसली तर चालते, पण एक परीक्षार्थी लागतोच. आमच्या घरी ती जागा बिनविरोध मला मिळाली, कारण दुसरे मूलच नव्हते. एम.ए. झाल्यावर मी छत्रपती संभाजीनगरला आले, औरंगपुऱ्यात दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि जवळच्या अभ्यासिकेत खुर्ची. शहराचे नाव बदलले होते, पण आई फोनवर ‘औरंगाबादला पाऊस हाय का’ असेच विचारायची. गाडीच्या पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी तिचा डबा बरोबर पोचायचा.

अभ्यासिका एका बेकरीच्या वर होती. मालक खुर्चीचे, गारव्याचे आणि शांततेचे पैसे घ्यायचा. वास फुकट होता. दुपारी भट्टीतून खारीचे पत्रे निघाले की तो वास जिना चढून वर यायचा, काचेचे दार ढकलून आत शिरायचा आणि जिल्ह्याचे सगळे भावी तहसीलदार एकाच वेळी माना वर करायचे. मग सगळे पुन्हा पुस्तकात बघायचे, आणि त्यापुढची दोन पाने कुणाच्याच डोक्यात शिरायची नाहीत.

भिंतीवर पाटी होती : ‘आत खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’ तिच्याच खाली कचऱ्याची बादली होती आणि ती रोज वेफरच्या पुड्यांनी भरायची. मनाईमुळे एवढेच झाले की आम्ही सगळे आवाज न करता खायला शिकलो. फुटाणा गालात ठेवायचा, तो भिजेपर्यंत एक परिच्छेद वाचायचा, मग चावायचा. चिवड्यातले पोहे सोपे. शेंगदाणा जरा अवघड. मक्याचा पोहा म्हणजे थेट मुलाखतीची फेरी. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी जाड शेवसुद्धा अशी खायची की तिचे फक्त कान हलताना दिसत. आयोगाने त्याचा पेपर ठेवला असता तर ती राज्यात पहिली आली असती. तसा पेपर नव्हता, म्हणून ती अजून माझ्या शेजारी होती.

भूक लागायचीही एक रीत असते. ती पोट बघून लागत नाही, विषय बघून लागते. इतिहास वाचताना मला कधी भूक लागली नाही. राज्यघटनेला अधूनमधून लागायची, पण ती सोसण्यासारखी असायची. अर्थशास्त्र उघडले आणि चलनवाढ सुरू झाली की मात्र जीव खालच्या भट्टीकडे धाव घ्यायचा. तूट, महसुली तूट, राजकोषीय तूट असे सगळे वाचताना पोटातही काहीतरी तुटत जायचे. मी एकदा शेजारणीला म्हणाले की आपल्याला भूक लागत नाही, कंटाळा लागतो. ती म्हणाली, तेच ते, पण कंटाळा खाऊन जात नाही ना.

आमच्या क्लासमध्ये या संकटावर एका सरांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता अभ्यासातला आहार. सर म्हणाले की भूक पोटात नसते, मनात असते. हे सांगताना त्यांचा शर्ट ज्या ठिकाणी ताणला होता ती जागा मनाची नव्हती. तळलेले बंद करा, मैदा बंद करा, साखर तर विषच समजा. त्याऐवजी मखाने खा, भिजवलेले बदाम खा, अक्रोड खा. अक्रोडाचा आकार मेंदूसारखा असतो, तेव्हा तो मेंदूला चांगला. या न्यायाने आमच्या तालुक्यातली ऊस खाणारी सगळी माणसे उंच आणि सरळ निघायला हवी होती. व्याख्यान संपल्यावर संयोजकांनी सरांना समोसे दिले. सरांनी ते मनापासून खाल्ले.

आता डब्याचे सांगते, कारण सगळे त्यावरच आहे.

आमच्या गावात एक मुक्कामी गाडी येते. रात्री देवळासमोर उभी राहते आणि पहाटे शहराकडे निघते. ती निघायच्या आत गावातल्या आया डबे घेऊन पोचतात. ज्याचे कुणी शहरात शिकते आहे त्याचा डबा चालकाच्या मागच्या जागेत ठेवला जातो. कडीचा स्टीलचा डबा, वर जुन्या साडीची नाहीतर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. डब्यावर नाव कुणी घालत नाही. ज्याची त्याची पिशवी ज्याला त्याला कळते. आईची पिशवी तिच्याच एका जांभळ्या पातळाची होती. गाडी मध्यवर्ती स्टँडवर लागली की आम्ही पोरेपोरी खिडकीखाली उभे राहायचो. त्या वेळी तिथे सगळे एकमेकांकडे जरा तोलून बघायचे, कारण कुणाच्या आईने आज मेथी दिली आणि कुणाच्या आईने पुन्हा पिठले, हे पिशवीच्या वासावरूनही कळते.

संध्याकाळी तीच गाडी परत जायची आणि धुतलेले डबे तिच्यातून गावी जायचे. बाकीचे डबे रिकामे जात. आमचा जात नसे. आईचा एक नियम होता की भांडे ज्याचे त्याला रिकामे परत करायचे नसते. शेजारणीची वाटी असो की लेकीकडून येणारा डबा, तळाला काहीतरी हवे.

“साखर टाक चिमटभर,” ती पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाली. “रिकामा डबा घरात आला की बरं नाय दिसत.”

“आई, साखर वाटेत सांडते.”

“सांडू दे की. मुंग्या खातील. त्यान्ला बी परीक्षा आसंल.”

तर मी साखर घालत होते. मग एके दिवशी चलनवाढीपुढे हात टेकले, मी जिना उतरून बेकरीत गेले आणि पाव किलो खारी घेतली. खारीची गोष्ट अशी की ती चोरून खाता येत नाही. फुटाणा भिजतो, शेव विरघळते. खारी मात्र चावली की अख्ख्या अभ्यासिकेला कळते, आणि तिचे पापुद्रे अंगावर पडून पुरावा उरतो तो वेगळाच. ती खालीच पायरीवर बसून खावी लागते. अर्धी खाल्ली आणि मला सरांचा शर्ट आठवला. उरलेली मी डब्यात घातली. साखरेऐवजी खारी.

तेव्हापासून ती माझी पद्धत झाली. खावेसे वाटले की घ्यायचे, निम्मे खायचे आणि निम्मे गावी धाडायचे. मोह पूर्ण टाळता येत नसेल तर तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याकडे ढकलून द्यायचा, असे मी शेजारणीला समजावून सांगितले. ती म्हणाली की याला प्रशासन म्हणतात. बेकरीत गल्ल्यावर एक म्हातारे चाचा बसायचे. ते खारी तोलताना विचारायचे, “बाई, इम्तिहान कब है?” मी महिना सांगायचे. “तब तक खाव,” ते म्हणायचे. “दिमाग कुरकुरा रहता.” सरांपेक्षा हा सल्ला मला जास्त शास्त्रीय वाटायचा.

गावचा रस्ता जसा आहे तसा आहे. खारी डब्यात अख्खी जायची आणि पोचेपर्यंत तिचे पीठ व्हायचे. आई फोनवर सांगायची, “निस्ता भुगा आला बघ. दिला गल्लीतल्या पोरान्ला वाटून.”

“तू खाल्लीस का?”

“मला कुठं आवडतं असलं बेकरीचं. दाताखाली येत बी नाय. तू खात जा, आभ्यास करती तू.”

मी विश्वास ठेवला. आईला काय आवडते हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नव्हता. मला काय आवडते हे सगळ्या भावकीला पाठ होते. वडिलांना, म्हणजे अण्णांना, गवारीची भाजी आवडत नाही हे पाहुण्यांनाही माहीत होते. आईला सगळे आवडायचे, विशेषतः जे उरायचे ते.

परीक्षा जवळ आली तशी मी सुधारले. खोलीतल्या एकीने मखान्याचा मोठा पुडा आणला होता. मी खारी बंद केली, चहा निम्म्यावर आणला आणि मखाने खाऊ लागले. मखान्याला चव नसते, आणि तीच त्याची ताकद आहे. तो खाल्ला की पुन्हा काही खावेसेच वाटत नाही. नियमाप्रमाणे मी डब्यातही मखानेच घातले. रात्री आईचा फोन आला.

“डब्यात ते पांढरं काय व्हतं?”

“मखाने. पौष्टिक असतात. मेंदूला चांगले.”

“म्हशीपुढं टाकले,” ती म्हणाली. “हुंगून सोडले तिनं. म्हशीला मेंदू नसंल.”

असे काही आठवडे गेले. मी वजनाने थोडी उतरले, स्वभावाने बरीच. शेजारणीच्या शेवेचा आवाज मला ऐकू येऊ लागला होता. मी माझ्या निग्रहाचे मनातल्या मनात कौतुक करत असे, आणि ते करण्यात अर्थशास्त्राचे एक प्रकरण सहज निघून जाई.

मग तो दिवस आला. सकाळी जांभळी पिशवी आली. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोडक्याची भाजी. मी जेवले. त्यानंतर भट्टीचा वास वर आला आणि माझा निग्रह खाली गेला. काहीही कारण नव्हते. परीक्षेची दहशत वाटावी असेही काही घडलेले नव्हते. मी पायरीवर बसून निम्मी खारी खाल्ली, निम्मी धुतलेल्या डब्यात घातली, कडी लावली आणि स्वतःला दोष देत वर येऊन बसले. तेवढ्यात काकांचा फोन आला. ते म्हणाले, आईची तब्येत जरा बरी नाही, तू निघून ये.

आमच्याकडे असे फोनवर सांगत नाहीत. ‘बरी नाही’ म्हणतात. आणि ज्याला सांगितले त्याला तेवढ्यावरून कळते.

आईने पहाटे डबा गाडीत ठेवला होता. घरी आली, अंगण झाडले, ओट्यावर टेकली. अण्णा चहाला हाक मारायला आले तेव्हा ती टेकलेलीच होती. डॉक्टर हृदयाचे काहीतरी म्हणाले. काकांचा फोन यायला दुपार झाली, कारण कुणी करायचा यावर घरात बरीच चर्चा झाली असावी.

मी मिळेल त्या गाडीने निघाले. डबा हातातच होता. खिडकीशी बसून मी तो मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी, सांडेल अशा भीतीने, जणू आत वरण आहे. घरी पोचल्यावर कुणीतरी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. तिथे तो राहिला. पुढचे दिवस आमच्या घरी चूल नव्हती आणि डब्याकडे बघायला कुणी नव्हते.

दुःखात भूक मरते असे मी पुष्कळ ठिकाणी वाचले होते. वाचलेले पुष्कळ चुकीचे असते. सुतकात घरात फोडणी नाही, तळण नाही. शेजारून पिठले-भाकरी यायची, खिचडी यायची. येणारा प्रत्येक माणूस मला खायला सांगायचा. वर्षभर सगळ्यांनी मला कमी खायला शिकवले होते. आता सगळे वाढून देत होते आणि समोर बसून घास मोजत होते. आत्या म्हणायची, “खा माय, तुला आभ्यास करायचा.” काका ओसरीवर बसून चहात टोस्ट बुडवायचे. टोस्टला सुतक लागत नाही, कारण तो घरात शिजलेला नसतो, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते. आणि मला, ज्या घरातून आईला नेऊन तीन दिवसही झाले नव्हते त्या घरात, भिंतीला टेकून बसल्या बसल्या, काहीतरी कुरकुरीत खावेसे वाटत होते. इतके वाटत होते की दाढा दुखत होत्या. सरांनी या भुकेबद्दल काही सांगितले नव्हते.

अण्णा मात्र खरेच जेवत नव्हते. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा हातात घ्यायचे आणि तो हातातच राहायचा. बोलायचेही नाहीत. दहाव्याच्या आदल्या दिवशी गुरुजी सामान सांगायला आले तेव्हा ते एकच वाक्य बोलले. त्यांनी विचारले, “कावळा नाय शिवला तर काय समजायचं?”

गुरुजी म्हणाले, काहीतरी राहिलं, असं समजायचं. इच्छा. मग ती ओळखून तसं बोलायचं. नाहीच जमलं तर दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे.

अण्णांनी मान हलवली. पण त्या संध्याकाळपासून ते मला आणखी वाकलेले दिसू लागले. आईबरोबर त्यांचे आयुष्य गेले होते आणि तिचे काय राहिले असेल हे उद्या एक पक्षी चारचौघांत विचारणार होता.

दहावा कायगावच्या घाटावर होता. गोदावरीला पाणी बरे होते. घाटावर आमच्यासारखीच आणखी दोन-तीन घरे आली होती आणि कावळे सगळ्यांना मिळून तेवढेच होते, म्हणजे त्यांना भूक नव्हती. अण्णांचे डोके भादरलेले. त्यांनी पिंड मांडले. आत्याने पत्रावळीवर एकेक ठेवायला सुरुवात केली. पुरणपोळी, कुरडई, भजी, वडा, खीर. “वयनीला लई आवडायचं,” ती प्रत्येक पदार्थ ठेवताना म्हणत होती. मी त्या पत्रावळीकडे बघत होते. पुरणपोळी काकांना आवडते. भजी मला. खीर आत्याला स्वतःला. आईला मी तव्यावरची गरम पोळी खाताना एकदाही पाहिले नव्हते. तिथे आमची सगळ्यांची आवड मांडलेली होती आणि वर हळदकुंकू आईचे.

आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे लिंबावर बसले होते. एकाने मान तिरकी करून पत्रावळ बघितली, आणि पलीकडच्या पिंडांवर गेला.

थोडा वेळ गेला. ऊन चढले. काका पुढे झाले.

“तिचा जीव पोरीत आडाकला,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “हात जोड. म्हण, आई, मी साहेब व्हईन.”

मी हात जोडले आणि म्हणाले. कावळा जागचा हलला नाही. जागा किती निघणार आहेत हे त्याला बहुतेक माहीत असावे.

“लग्नाचं बोल,” आत्या मागून म्हणाली. “वयनी माझ्यापाशी तेच बोलायची, पोरीचं हात पिवळं झालं की सुटले.”

मी तेही म्हणाले. दोन्ही गोष्टी एका दमात कबूल केल्यावर मला हलके वाटायला हवे होते, पण चुकीच्या पर्यायावर खूण केल्यासारखे वाटले. कावळ्याने पंख साफ केले. काकांनी मग उसाच्या बिलाचा विषय काढला, शेताच्या बांधाचा काढला, मागच्या वर्षी राहिलेल्या देवदर्शनाचा काढला. आमच्या घरात ज्याचे ज्याचे जे जे अडलेले होते ते सगळे आईच्या नावावर नदीकाठी बोलून झाले. गुरुजींनी घड्याळाकडे बघितले. त्यांना पुढे आणखी एका घरचे बोलावणे होते. ते दर्भाची काडी निवडू लागले.

अण्णा एवढा वेळ उन्हात बसून होते. ते म्हणाले, “थांबा.”

त्यांनी जवळची कापडी पिशवी पुढे ओढली आणि तिच्यातून जांभळी पिशवी काढली. डबा ते घरूनच घेऊन आले होते. मला ठाऊक नव्हते. त्यांनी कडी उघडली. आत खारी होती. अख्खी. इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदा ती अख्खी पोचली होती, कारण मी ती मांडीवर धरून आणली होती.

काका जवळ आले. “हे काय, बेकरीचं?” ते हळू आवाजात म्हणाले. “आण्डं असतं त्यात. कुणाच्या हातचं, काय. पिंडाला चालत नाय हे.”

सकाळी निघताना काकांनी टोस्ट खाल्ला होता. तो कुणाच्या हातचा होता हे त्यांनी विचारल्याचे मला आठवत नाही.

अण्णा जन्मभर थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. आताही त्यांनी वाद घातला नाही. फक्त खारी उचलली, दोन्ही तळहातांत धरली आणि चुरली. पापुद्रे त्यांच्या बोटांमधून गळत होते.

“अख्खी नाय खायची ती,” ते म्हणाले. कुणाशी बोलत होते ते कळत नव्हते, बहुधा गुरुजींशी. “भुगाच यायचा. भुगा खायची सवय पडली. चहात टाकून चमच्यानं खायची दुपारची. पिठाच्या डब्याआड ठिवलेली असायची.”

मी म्हणाले, “अण्णा, ती तर पोरांना वाटायची ना?”

“कुणाच्या पोरान्ला?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “येक कण दिला नाय कुणाला. मला द्यायची चमचाभर. म्हणायची, पोरीला कळू देऊ नका. आवडतं म्हणून कळलं तर सगळीच हिकडं लावून देईल, सोताला ठिवायची नाय. तिला भूक लागती आभ्यासानं.”

त्यांनी भुगा पत्रावळीवर ठेवला, पुरणपोळीच्या शेजारी, आणि हात न झटकता मागे आले.

मग कावळा आला. आता यात काय होते ते मला सांगता येणार नाही. पलीकडची माणसे तेव्हाच उठून गेली होती, काका रागाने बरेच लांब जाऊन उभे राहिले होते, आणि माणसे लांब गेली की पक्षी खाली उतरतात एवढे विज्ञान मला परीक्षेपुरते येते. पण तो भुग्यावरच बसला. पुरणपोळीला त्याने चोच लावली नाही आणि माझ्या नोकरीची, लग्नाची चौकशी केली नाही. दोनदा चोच मारली, तिसऱ्यांदा पापुद्रा उचलून लिंबावर नेला. खाली थोडे सांडले.

आत्या डोळे पुसत म्हणाली, “शेवटी पोरीच्या लग्नातच जीव व्हता.” तिला कुणी दुरुस्त केले नाही.

अण्णा घाटाच्या पायरीवर बसले. डब्यात तळाला खारीचा चुरा उरला होता. त्यांनी तो बोटाने गोळा केला आणि खाल्ला. मग डबा माझ्यापुढे धरला. मीही खाल्ला. इतक्या दिवसांत अण्णांनी आपणहून खाल्लेले ते पहिले असावे. खारी नरम पडली होती. ती आवाज न करता खाता येत होती.

परीक्षा झाली. मी दिली. अर्थशास्त्राला भूक लागली नाही, त्यामुळे ते बरे गेले. बाकीचे गेले नाही. निकालात माझा क्रमांक नव्हता. काका म्हणाले की कावळ्याशी खोटे बोलले की असे होते. शेजारची मुलगी पास झाली आणि आता कुठल्याशा कार्यालयात बसून उघडपणे शेव खाते. मी पुन्हा अर्ज भरला आहे आणि त्याच अभ्यासिकेत, त्याच खुर्चीवर आहे. नव्या मुलांसाठी त्याच सरांचे व्याख्यान झाले. मी गेले नाही. मला माहीत असलेले एवढेच आहे की एका बाईने आपली भूक पिठाच्या डब्याआड ठेवली होती आणि त्या भुकेला मखाने धाडणारी मीच होते. निम्मी खारी कुणाला जायची आणि ती आता नाही, हे मी चाचांना सांगितले होते; त्यांनी एकदा विचारले, “बाई, अम्मा को पसंद थी क्या?” मी हो म्हणाले. त्यांनी तोललेल्या खारीवर आणखी एक मूठ टाकली आणि इम्तिहानाचे विचारले नाही.

आता डबा रोज येत नाही. गंगापूरचा बाजार असेल त्या दिवशी अण्णा लवकर उठतात, भाकरी थापतात आणि जांभळी पिशवी गाडीत ठेवतात. भाकरी जाड असते आणि एका अंगाने करपलेली असते. भाजी बहुतेक वेळा बटाट्याची असते. गवारीची कधीच नसते. मी ते सगळे खाते. संध्याकाळच्या गाडीला मी डबा धुऊन देते. त्यात निम्मी खारी असते. वाटेत तिचा भुगा होतो.